न उघडणारी डिस्क : तक्रार नेमकी कोणाची?

महाराष्ट्रातल्या अनेक छापखान्यांत आणि प्रकाशनसंस्थांत एखादा जुना संगणक जपून ठेवलेला असतो. त्यावर विंडोज एक्सपी असते, पेजमेकर असतो आणि श्री-लिपीसारखे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असतात. वर्षानुवर्षं जुळवलेली पुस्तकं त्याच यंत्रावर नीट उघडतात. नव्या संगणकावर तीच पानं उघडली, तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. एक्सपीला सुधारणा पुरवणं मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४मध्ये थांबवलं. यंत्रही कधीतरी बंद पडणारच. म्हणून जाणता माणूस त्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो. पुढे नव्या यंत्रात ती फाइल ‘आभासी डिस्क’ म्हणून जोडली, की जुना संगणक ‘आभासी यंत्र’ म्हणून एका खिडकीत पुन्हा चालू लागतो.

अशी फाइल वर्ष-दोन वर्षांनी काढावी आणि ती उघडूच नये, हा अनुभव अनेकांना येतो. फाइल जागेवर असते, नाव तेच असतं, आकारही चाळीस जीबी दिसतो. तरी पडद्यावर संदेश येतो : डिस्क इमेज खराब झाली आहे. चाळीस जीबीची फाइल न वापरता पडून असताना सगळीच्या सगळी खराब कशी झाली?

बहुतेक वेळा ती तशी झालेली नसते. बिघाड कुठल्या तरी एका लहानशा भागात असतो, किंवा फाइलमध्ये नसून तिच्या आजूबाजूला असतो. संदेश मात्र सरसकट एकच येतो. तो वाचून घाईनं दुरुस्तीला लागणाऱ्यांच्या हातून खरं नुकसान होतं. म्हणून तक्रार नेमकी कोण करतंय हे आधी शोधायला हवं, आणि त्यासाठी अशा फाइलच्या पोटात काय असतं ते समजून घ्यायला हवं.

फाइलच्या पोटात डिस्क कशी मावते?

खऱ्या हार्ड डिस्कवर माहिती ठेवण्याच्या जागांना क्रमांक दिलेले असतात. अशा एका जागेला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कवर एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला एवढंच सांगते : अमुक क्रमांकाचा सेक्टर वाच, किंवा तमुक सेक्टरमध्ये हे लिही. आभासी डिस्कचं सगळं काम यावरच चालतं. आतल्या विंडोजला वाटतं, आपण खऱ्या डिस्कशी बोलतोय. प्रत्यक्षात मधला प्रोग्रॅम तो क्रमांक घेतो, फाइलमधल्या योग्य जागी जातो आणि तिथले बाइट आणून देतो.

अशा फाइली मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ‘फिक्स्ड’ प्रकारात १०० जीबीची डिस्क म्हणजे पहिल्या दिवसापासून १०० जीबीची फाइल. त्यात सेक्टर ओळीनं लावलेले असतात आणि हिशेब सोपा असतो. ‘डायनॅमिक’ प्रकारात फाइल लहान सुरू होते आणि आत माहिती भरत जाईल तशी फुगत जाते. जागा वाचते, म्हणून बहुतेक जण हाच प्रकार वापरतात. न उघडण्याच्या तक्रारींतली बरीच गुंतागुंतही याच प्रकारातली असते.

बाजार समितीच्या आवारातलं धान्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. पोती येतील तशी आणि जागा मिळेल तिथं लावली जातात. दाराशी एक नोंदवही असते : अमक्याची पोती तिसऱ्या रांगेत, तमक्याची मागच्या भिंतीशी. वही शाबूत आहे तोवर कुठलंही पोतं क्षणात सापडतं. वहीचं पान फाटलं, तर धान्याचा एक दाणाही हललेला नसतो, पण कोणाचं पोतं कुठं आहे हे सांगता येत नाही.

डायनॅमिक डिस्कची रचना अशीच असते. आतल्या माहितीचे ठरावीक आकाराचे ठोकळे केलेले असतात. ते जसे लागतील तसे फाइलच्या शेवटी जोडले जातात, आणि कुठला ठोकळा कुठं आहे याची नोंद सुरुवातीच्या तक्त्यात होते. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएचडी प्रकारात ठोकळा सहसा २ एमबीचा असतो आणि प्रत्येक ठोकळ्याच्या नोंदीला ४ बाइट लागतात. १०० जीबीच्या डिस्कचे ५१,२०० ठोकळे होतात, म्हणजे त्यांची नोंदवही भरते अवघी २०० केबीची. डिस्कच्या आकाराच्या सुमारे पाच लाखाव्या हिश्शाएवढा हा भाग बिघडला, तरी बाकी सगळं असून नसल्यासारखं होतं.

सगळ्यात आधी : मूळ फाइलवर काहीही लिहू नका

शोधाला लागण्यापूर्वी एक नियम पाळायचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि जे काही करून बघायचं ते प्रतीवरच करायचं. आतल्या फाइल सिस्टिमची दुरुस्ती, फॉरमॅट, ‘इनिशिअलाइझ’ ही सगळी कामं डिस्कवर नवं काहीतरी लिहितात, आणि जिथं लिहिलं तिथलं जुनं जातं.

फाइल ज्या हार्ड डिस्कवर आहे तीच डिस्क आजारी असेल, म्हणजे प्रत काढताना मध्येच अडकत असेल किंवा वाचनाची चूक दाखवत असेल, तर नेहमीची कॉपी वारंवार चालवू नका. अशा वेळी ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड भाग शेवटाला ठेवतो आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद स्वतंत्र फाइलमध्ये करतो. त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

प्रत हातात आली की बाहेरून आत अशा क्रमानं तपासत जायचं.

पहिली पायरी : फाइल पूर्ण आहे का, आणि आहे त्या जागी चालते का?

प्रथम आकार पाहा. मूळ फाइलचा आकार कुठं नोंदवलेला असेल तर ताडून पाहा. जुने पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क अनेकदा एफएटी३२ पद्धतीच्या असतात. त्यांवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. काही प्रोग्रॅम अशा वेळी स्पष्ट नकार देतात, तर काही मावेल तेवढं उतरवून थांबतात. इंटरनेटवरून आणलेली आयएसओ फाइल (म्हणजे सीडी-डीव्हीडीची अख्खी प्रत) अवघी काही केबीची असेल, तर ती बहुधा डिस्क नसून चूक कळवणारा संदेश असलेलं वेबपान असतं. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव आणि आकार दिसतो, पण मजकूर अजून संगणकावर उतरलेलाच नसतो, असंही होतं.

आकार जुळला म्हणजे आतलं सगळं जुळलं असं नाही. त्याची खात्री ‘शा-२५६’ या ठशानं होते. अख्खी फाइल वाचून ठरावीक गणितानं काढलेली ती ६४ अक्षरांची खूण असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी खूण पूर्ण बदलते. लिनक्सच्या आयएसओ फाइली देणाऱ्या संस्था हा ठसा शेजारी छापतात तो यासाठीच. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ही सोबतच येणारी आज्ञा तो काढून देते.

फाइल उत्तम असून केवळ जागेमुळे अडते, असंही अनेकदा घडतं. विंडोज स्वतः व्हीएचडी जोडते तेव्हा तिची अट असते की फाइल दाबून लहान केलेली, एन्क्रिप्ट केलेली किंवा ‘स्पार्स’ नसावी. स्पार्स म्हणजे रिकाम्या भागांना डिस्कवर जागाच न दिलेली फाइल. टोरंटसारख्या प्रोग्रॅमनं आणलेल्या फाइली कधी कधी अशा असतात. मग त्या आयएसओ असल्या तरी विंडोज त्या जोडायला नकार देते. एनटीएफएस पद्धतीच्या साध्या डिस्कवर, न दाबलेल्या फोल्डरमध्ये तिची प्रत काढली की बहुधा काम भागतं.

आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणं. गोदामाची वही दोन कारकुनांनी एकाच वेळी भरली तर हिशेबाचा घोळ होणारच. म्हणून आभासी यंत्र चालवणारे प्रोग्रॅम वापरात असलेल्या फाइलला कुलूप लावतात. व्हीएमवेअर त्यासाठी शेजारी ‘एलसीके’ शेपटीचं फोल्डर किंवा फाइल करून ठेवतो. वीज गेली तर हे कुलूप मागं राहतं आणि कुणी वापरत नसतानाही फाइल अडून बसते. कुठलंही आभासी यंत्र चालू नाही याची पक्की खात्री करूनच ते काढायचं. क्यूईएमयू या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅमनं २०१७च्या २.१० आवृत्तीपासून असंच कुलूप लावायला सुरुवात केली.

दुसरी पायरी : ओळखखूण आणि नोंदवही

फाइलच्या नावामागची शेपटी हे फक्त लेबल असतं. शेपटी बदलून प्रकार बदलत नाही. प्रोग्रॅम आतली ओळखखूण पाहतो.

व्हीएचडी हा प्रकार कनेक्टिक्स या कंपनीच्या व्हर्च्युअल पीसी या प्रोग्रॅममधून आला. मायक्रोसॉफ्टनं २००३ साली तो घेतला, पण कंपनीचं नाव आजही प्रत्येक व्हीएचडी फाइलमध्ये आहे. इंग्रजीतल्या नऊ अक्षरांपैकी एक ‘एन’ कमी करून, आठ अक्षरांत. ही खूण फाइलच्या शेवटच्या ५१२ बाइटांत असते. त्याच भागात डिस्कचा आकार आणि प्रकारही लिहिलेला असतो. म्हणूनच प्रत काढताना फाइलचं शेपूट तुटलं तर फिक्स्ड व्हीएचडी ओळखूच येत नाही. आधीचे सगळे सेक्टर मात्र जसेच्या तसे असतात, आणि तिला ‘रॉ’ म्हणजे साधी, नोंदवही नसलेली डिस्क समजून वाचता येतं. डायनॅमिक व्हीएचडीमध्ये या शेवटच्या भागाची एक प्रत फाइलच्या सुरुवातीलाही असते, त्यामुळे तिथं तो पुन्हा लिहिता येतो.

व्हीएचडीएक्स हा पुढचा प्रकार विंडोज सर्व्हर २०१२बरोबर आला. व्हीएचडीची मर्यादा सुमारे २ टीबी, याची ६४ टीबी. यात मुख्य नोंदीच्या दोन प्रती असतात. शिवाय वहीत बदल करण्यापूर्वी तो एका कच्च्या नोंदीत टिपला जातो. वीज मध्येच गेली, तर पुढच्या वेळी उघडताना ती कच्ची नोंद वहीत उतरवली जाते. पण उतरवायची म्हणजे लिहावं लागतं. त्यामुळे अशी फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडली तर ती कधी कधी उघडतच नाही. प्रतीवर लिहिण्याची मुभा देऊन पाहिलं की उलगडा होतो. विंडोज ७ला व्हीएचडीएक्स ओळखताच येत नाही. तिथं दोष फाइलचा नसतो.

व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फाइलच्या सुरुवातीलाच त्या प्रोग्रॅमचं नाव वाचता येईल अशा मजकुरात लिहिलेलं असतं. क्यूईएमयूच्या क्यूकाउ२मध्ये पहिल्या चार बाइटांत खूण असते. आयएसओ फाइलमध्ये ती सुरुवातीला नसते. प्रत्येकी २,०४८ बाइटांचे पहिले सोळा सेक्टर सोडून पुढं ‘सीडी००१’ असं लिहिलेलं असतं. मॅकच्या डीएमजीची खूण व्हीएचडीसारखी शेवटी असते. त्यामुळे अर्धवट उतरवलेली डीएमजी उघडत नाही.

व्हीएमवेअरच्या व्हीएमडीकेमध्ये वेगळीच गंमत आहे. तिथं नोंदवही आणि माल अनेकदा दोन स्वतंत्र फाइलींत असतात. एक फाइल जेमतेम काही केबीची, साध्या मजकुराची. दुसरी, नावात ‘फ्लॅट’ असलेली, खऱ्या माहितीची. लहान फाइल निरुपयोगी समजून कुणी पुसली, किंवा फक्त तीच दुसरीकडे नेली, की डिस्क अडली. मोठी फाइल हातात असेल तर लहान फाइल नव्यानं तयार करता येते. डिस्क २-२ जीबीच्या तुकड्यांत ठेवली असेल तर मात्र सगळे तुकडे एका जागी हवेत.

एवढ्या खुणा हातानं तपासायची गरज नसते. क्यूईएमयूबरोबर मिळणाऱ्या ‘क्यूईएमयू-इमेज’ या मोफत साधनाची ‘इन्फो’ आज्ञा फाइलचा खरा प्रकार आणि आकार सांगते. ‘चेक’ आज्ञा क्यूकाउ२सारख्या प्रकारांची नोंदवही तपासते. तिनं ‘लीक’ दाखवली तर घाबरू नये. त्याचा अर्थ, काही जागा अडवलेली आहे पण तिथं कुणाचा माल नाही. माहितीला त्यानं धोका नसतो. ‘करप्शन’ दाखवलं तर मात्र थांबावं, आणखी एक प्रत काढावी आणि मगच दुरुस्तीचा पर्याय वापरावा.

तिसरी पायरी : एकमेकांच्या आधारानं उभ्या फाइली

आभासी यंत्राची एक मोठी सोय म्हणजे ‘स्नॅपशॉट’. आजची स्थिती गोठवून ठेवायची, पुढं काही बिघडलं तर मागं यायचं. यासाठी प्रोग्रॅम जुनी फाइल तशीच ठेवतो आणि नवी, लहान फाइल उघडतो. नव्या फाइलमध्ये फक्त बदल लिहिले जातात. बाकी सगळ्यासाठी जुन्या फाइलकडे बोट दाखवलेलं असतं. अशा चार-पाच फाइलींची साखळी सहज तयार होते.

साखळीतली एक फाइल हलवली, नाव बदललं किंवा पुसली, की तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या अडतात. दुसरा प्रसंग अधिक घातक असतो. कुणीतरी मूळ फाइल स्वतंत्रपणे दुसऱ्या यंत्राला जोडून चालू करतं. मग ती बदलते, आणि आधीचे बदल आता भलत्याच पायावर बसतात. व्हीएमवेअर हे ओळखण्यासाठी प्रत्येक फाइलमध्ये एक क्रमांक ठेवतो, आणि आपल्या आधाराच्या फाइलचा क्रमांकही लिहून ठेवतो. दोन्ही जुळले नाहीत, तर मूळ डिस्क बदलल्याची तक्रार येते. मजकुराच्या फाइलमधला क्रमांक हातानं बदलून ही तक्रार गप्प करता येते. पण मूळ फाइलमध्ये खरंच नवं लिहिलं गेलं असेल, तर तक्रार थांबली तरी आतला गोंधळ तसाच राहतो. म्हणून ही युक्ती फक्त प्रतीवर करायची आणि आतल्या फाइली उघडून तपासायच्या.

नक्कल केलेल्या डिस्कचा प्रश्न याच्या उलट असतो. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक डिस्कला एक ओळखक्रमांक देतो. फाइल नुसती कॉपी केली तर तोच क्रमांक दोघींना राहतो आणि दुसरी जोडायला नकार मिळतो. नक्कल करताना त्या प्रोग्रॅमचीच ‘क्लोन’ सोय वापरली की नवा क्रमांक मिळतो. विंडोजमध्येही मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब प्रत एकदम जोडली, तर दोघींची सही एकच निघते आणि दुसरी ‘ऑफलाइन’ राहते. ती बळजबरीनं ‘ऑनलाइन’ केली तर विंडोज तिच्यावर नवी सही लिहिते. पुढं त्याच प्रतीवरून यंत्र सुरू करायचं असेल तर ही बदललेली सही आड येऊ शकते. दोन्हींपैकी एकच जोडणं हा सरळ मार्ग.

चौथी पायरी : डिस्क जोडली गेली, आतलं दिसत नाही

इथवर आलो म्हणजे फाइल आणि नोंदवही दोन्ही ठीक आहेत. आता आतल्या डिस्कची पाळी. आत लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम असेल, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि ती डिस्क फॉरमॅट करण्याचं सुचवते. या प्रश्नाला नेहमी ‘रद्द करा’ हेच उत्तर द्यायचं. हीच फाइल लिनक्समध्ये जोडली तर आतलं सगळं दिसतं. मॅकवर २०१७मध्ये हाय सिएराबरोबर एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आली. त्या पद्धतीची डीएमजी त्याआधीच्या बऱ्याच मॅकना उघडता येत नाही. काही वेळा आतल्या भागाला फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं. ते ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून देता येतं.

आतले काही कागद तेवढे हवे असतील, तर डिस्क जोडण्याचीही गरज नसते. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम व्हीएचडी, व्हीएमडीके, व्हीडीआय, क्यूकाउ२, आयएसओ आणि डीएमजी उघडून आतल्या फाइली बाहेर काढू शकतो. आतला विभागांचा तक्ता पुसला गेला असेल, तर ‘टेस्टडिस्क’ हरवलेले विभाग शोधून देतो.

सगळ्या फाइली दिसतात पण जुनं यंत्र चालूच होत नाही, हा शेवटचा प्रकार. एक्सपीच्या डिस्कबाबत तो अनेकदा येतो. जुन्या संगणकात डिस्क आयडीई पद्धतीनं जोडलेली असते, तर आभासी यंत्र ती कधी कधी साटा पद्धतीनं जोडतं. एक्सपीकडे त्यासाठीचा ड्रायव्हर नसतो. निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ‘७बी’ असलेला आकडा दिसतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडली की एक्सपी सहसा उभी राहते. यूईएफआय पद्धतीनं सुरू होणारी नवी डिस्क जुन्या बायॉस पद्धतीच्या आभासी यंत्राला जोडली, तर सुरू करण्याजोगी डिस्क नसल्याचा संदेश येतो. तिथंही फक्त सेटिंग बदलायचं असतं.

जपून ठेवायची तर अशी ठेवा

जुन्या पुस्तकांचं, हिशेबांचं किंवा संशोधनाचं काम अशा फाइलीत ठेवणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. साठवण्यापूर्वी आभासी यंत्र नीट बंद करावं, गोठवलेल्या अवस्थेत ठेवू नये. स्नॅपशॉटची साखळी मिटवून एकच सलग फाइल करावी. शेजारी साध्या मजकुराची टीप ठेवावी : फाइल कुठल्या प्रकारची, आकार किती, शा-२५६ ठसा कोणता, आत कुठली सिस्टिम, डिस्क कुठल्या कंट्रोलरला जोडायची, पासवर्ड कुणाकडे. दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात. आणि वर्षातून एकदा, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर, प्रत उघडून आतलं एखादं पान छापून पाहावं. दोष तेव्हाच कळला तर दुसरी प्रत अजून चांगली असते.

थोडक्यात

• मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. फॉरमॅट करण्याचा प्रश्न आला तर रद्द करा.
• आकार आणि शा-२५६ ठसा ताडून पाहा.
• फाइल साध्या एनटीएफएस डिस्कवर, न दाबलेल्या फोल्डरमध्ये ठेवून पाहा. दुसरा प्रोग्रॅम ती वापरत नाही ना, तेही बघा.
• शेपटीवर विसंबू नका. ‘क्यूईएमयू-इमेज’नं खरा प्रकार तपासा.
• व्हीएमडीकेचे सगळे भाग आणि स्नॅपशॉटची सगळी साखळी एकत्र आहे का ते पाहा. मूळ फाइल स्वतंत्रपणे चालू करू नका.
• डिस्क जोडली गेली पण आतलं दिसत नसेल, तर ती फाइल सिस्टिम ओळखणाऱ्या संगणकावर किंवा सेव्हन-झिपमध्ये उघडा.
• आतलं दिसतं पण यंत्र सुरू होत नसेल, तर कंट्रोलर आणि बायॉस-यूईएफआयचं सेटिंग तपासा.